वांग्याच्या घरातली सुपारी

रातराणीची कुंडी मोगऱ्याच्या रांगेत ठेवलेली दिसली की माझं डोकं फिरतं. अमरावतीत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक नर्सरी आहे. तिथला मालक मला लांबून बघितलं की हातातला पाइप खाली ठेवून कपाळावरचा घाम पुसतो. त्याला ठाऊक असतं, आता अर्धा तास गेला.

"रातराणी इथे नाही ठेवायची. ती वांग्याच्या घरातली आहे," मी त्याला दर वर्षी सांगते.

"मॅडम, वास मोगऱ्यावाणी येते ना? मंग झालं."

झालं काय, कपाळ? वासावरून घराणं ठरत नसतं. फूल हातात घ्यावं, उलटं करून बघावं. पाच पाकळ्या बुडाशी एकमेकींना चिकटलेल्या, त्यांची कधी चांदणी होते, कधी नळी, कधी भोंगा. आत पुंकेसर पाच. आणि बुडाशी हिरवी टोपी. फूल गळून जातं पण टोपी फळाला सोडत नाही. वांगं घ्या, टमाटर घ्या, मिरची घ्या, टोपी आहेच. धोत्र्याच्या काटेरी बोंडाखालीसुद्धा तिचीच फाटकी झालर लटकत असते. शास्त्रात ह्या घराला सोलॅनेसी म्हणतात. त्या नर्सरीतली निम्मी शोभेची झाडं ह्याच घरातली निघतात. तो पेल्याएवढ्या पिवळ्या फुलांचा वेल, ती पेट्युनिया, ते पहिल्या दिवशी जांभळं, दुसऱ्या दिवशी फिकं आणि तिसऱ्या दिवशी पांढरंफटक होणाऱ्या फुलांचं झुडूप, सगळी वांग्याची भावकी. साता समुद्रापलीकडच्या उष्ण मुलखातून आलेली आणि आमच्या बेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात मजेत नांदणारी. मी त्या सगळ्या कुंड्या ओढून ओढून एका रांगेत आणते.

"मॅडम, तुमी घेत काही नाई, नुसत्या झाडायच्या बदल्या करून जाता," तो म्हणतो. खरं आहे. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, आणि झाडाचं नाव किंवा घर कुणी चुकवलं की मला गप्प बसवत नाही. हा माझा स्वभावच वाईट आहे.

अकोल्याला चुलतबहिणीचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट आमच्या नात्यात अजून चघळली जाते. मांडवाच्या दारात हिरव्या पानांचं तोरण, आणि गुरुजी अशोकाच्या पानांची थोरवी सांगत होते. मी म्हटलं, "गुरुजी, हा अशोक नाही. ही उंच वाढणारी झाडं अशोक म्हणून लावतात, पण हा सीताफळाच्या घरातला आहे." गुरुजी थांबले. नवरदेव थांबला. बँडवाला कुणीतरी थांबवलाय म्हणून थांबला. बाबांनी माझा दंड धरला आणि मला सरळ आइस्क्रीमच्या काउंटरपर्यंत नेऊन सोडलं. "मुहूर्त टळला असता नं बापा! तुले कोनं इचारलं होतं?" ते म्हणाले. पण वैतागातही त्यांचे डोळे हसत होते. नंतर पंगतीत त्यांनीच शेजारच्या पाहुण्याला सांगितलं, "माह्या पोट्टीपुढे झाडाबद्दल खोटं बोलाले देव बी भेते."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं.

आमचं गाव चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर, आणि आमचा पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला. काळी जमीन, विहीर, आणि वांगी, मिरची, टमाटर. म्हणजे बघा, मी ज्या घरात जन्मले ते घर सोलॅनेसीवरच पोसलेलं. लहानपणी पोती भरताना वांग्याच्या टोपीचे काटे बोटात शिरायचे, आई सुईने काढायची. आई शिकलेली चौथी. पण कोणत्या वाफ्यात वांग्यानंतर टमाटर लावायचा नाही, हे तिला माझ्या पुस्तकाआधी माहीत होतं. "एकाचं दुखनं दुसऱ्याले लागते," एवढंच तिचं शास्त्र, आणि ते बरोबर होतं.

बाबांचं एकच वाईट होतं, खर्रा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटघोट घोटतात, आणि तो गोळा गालात ठेवतात. आमच्याकडे पाहुण्याला चहा द्यायच्या आधी खर्रा विचारतात. बाबा तीस वर्षं खात होते. आईने सगळं करून बघितलं. भांडली, रुसली, शपथा घातल्या, पुड्या चुलीत टाकल्या. पालथ्या घड्यावर पाणी. बाबा म्हणायचे, "हाव, सोडतो नं," आणि पानठेल्याकडे चालू लागायचे.

मग त्यांचं तोंड उघडेनासं झालं. आधी मोठा घास जाईना, मग भाकर मोडून बारीक करावी लागायची, मग तिखटाने गाल भाजल्यासारखे व्हायला लागले. मी त्यांना अमरावतीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. धडधाकट माणसाची तीन जातात. बाबांची दीड गेली. बाबा हसले आणि म्हणाले, "बोटं जाडी हायेत माही." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे असंच चालू राहिलं तर काही दिवसांनी पातळ पेजेवर राहावं लागेल, आणि त्याच्या पुढचं काय असतं तेही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं, आणि आई त्या दिवशी रात्रीचं जेवली नाही. बाबा मात्र गावात उतरल्याबरोबर ठेल्यावर गेले.

हे झालं उन्हाळ्यात. पुढे आषाढात कांदेनवमीला मी गावी गेले. दोन दिवसांनी एकादशी. तिथून आमच्या घरी वांगं बंद, ते थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सुटतं. साडेचार-पाच महिने. वांगं पिकवायचं, तोडायचं, बाजारात न्यायचं, फक्त खायचं नाही. म्हणून नवमीला आई वांग्याचं सगळंच करते. मी जेवता जेवता शिकवायला लागले. हा माझा दुसरा वाईट स्वभाव.

"आई, तू वांगं सोडतेस ते ठीक आहे. पण ताटात बघ, टमाटराची चटणी, आलूची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. हे सगळे वांग्याचेच भाऊ. वांग्याला बाहेर काढते आणि भावांना पाटावर बसवते?"

मी गंमत केली होती. आईने भाकरीचा घास खाली ठेवला.

"खरंच एका घरचे हायेत?"

"सख्खे." मी उठून परड्यातून वांग्याचं आणि मिरचीचं फूल आणलं, उलटं करून टोपी दाखवली. पाकळ्या मोजून दाखवल्या. आई चष्मा लावून बघत होती.

"अजून कोन कोन हाय ह्या घरात?"

मला काय, आवडीचा विषय. मी बोटांवर मोजायला लागले. सिमला मिरची. बांधावरचा धोत्रा. ती काळी फळं येणारी कामोणी. काटेरी भुईरिंगणी. अश्वगंधा. आपल्या दाराची रातराणी. तंबाखू.

"कोनता म्हटलं आखरीचा?"

"तंबाखू. त्याचंही फूल असंच, गुलाबी नळीचं."

"तंबाखू," आई म्हणाली. "पक्कं?"

"पुस्तकात आहे आई, पक्कं म्हणजे काय!"

आईने बाबांच्या ताटात अजून एक वांगं वाढलं.

एकादशीच्या सकाळी तिचा फोन आला. ह्या वर्षी चातुर्मासात आपल्या घरी वांगं आणि वांग्याचं अख्खं घराणं बंद. टमाटर नाही, आलू नाही, मिरची नाही, लाल तिखटसुद्धा नाही. मी ओरडलेच. "अगं आई, वेडी झालीस का? धर्माचा आणि वर्गीकरणाचा काय संबंध? आणि उपासाला आलू चालतो की! कुणी सांगितलं तुला हे?"

"तूच सांगतलं."

"मी गंमत केली होती!"

"देवापुढं गंमत नसते. अन् तुहे बाबा बी नेम धरून राहिले. म्या देवासमोर नारळ ठेवला, त्याह्यले हात लावाले लावला. आता वांग्याच्या घरचं कायबी तोंडात गेलं तं नेम मोडला. कायबी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी शिकवते वीस वर्षं, पण मुद्दा समजायला मला दोन दिवस लागले.

"आई, तू तंबाखूसाठी हे करतेस?"

"एकट्या मानसाले सोड म्हटलं तं तो सोडत नाई," आई हळू आवाजात म्हणाली. "अख्खं घर सोडते, तवा त्याले लाज वाटते. त्याह्यनं एक सोडावं म्हनून मी पाच सोडले. आता तू मधात बोलू नको." आणि फोन ठेवला.

वऱ्हाडातल्या घरात मिरचीविना स्वयंपाक! हसू नका. आई वरणाला मिरे आणि आलं लावायची. झुणका मिऱ्याचा, शेंगदाण्याची चटणी मिऱ्याची, साबुदाण्याची उसळ आलूविना आणि मिरचीविना, पांढरीफेक, आजाऱ्याला दिल्यासारखी. मी शनिवारी जायचे तर सोबत लपवून लोणचं न्यायचे. तेही आई पकडायची. "त्याच्यात तिखट नाई का?" दाराशी मिरचीची पोती रचलेली, आणि घरात ठसका नाही. शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, घरात कोणी आजारी आहे का म्हणून.

श्रावणातल्या सोमवारी आई धोत्र्याचं फूल घेऊन महादेवाला निघाली तेव्हा मी तिला अडवलं. मला वाटलं, आता सापडली. "हे कसं चालतं? धोत्रा वांग्याचा भाऊ. देवाला वाहतेस, आम्हाला देत नाहीस!"

"देव खात नाई, डोक्यावर घेते," आई म्हणाली. "तुहे बाबा बी तंबाखू डोक्यावर घेऊन हिंडोत, म्या नाई म्हनत नाई."

आणि बाबा? बाबांनी खरंच सोडलं होतं. पहिले आठ दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. विनाकारण बैलावर ओरडायचे, विहिरीवर जाऊन बसायचे. मिरची नसल्याने गालाची आग कमी झाली, हे त्यांनी कबूल केलं, पण तक्रारीच्या सुरात. तोंड उघडावं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं कुल्फीच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, आणि दर आठवड्याला एक वाढवायची, हेही करत होते. मला फार बरं वाटत होतं. आणि मग पोळ्याच्या सुमारास त्यांनी पळवाट शोधली.

मी गावी गेले होते. सकाळची वेळ, आई अंगणात मिरच्या निवडत बसलेली. रातराणीच्या कठड्यावर बाबा बसले होते. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि माझ्यापुढे उघडून धरली. आत सुपारीचा चुरा आणि चुना. तंबाखूचा कणही नाही.

"हे पाय," बाबा म्हणाले. "तंबाखू सोडली, नेम मोडला नाई. पन तुही माय म्हनते हे बी नाई चालत. चुना तं दगडाचा. राह्यली सुपारी. तू शिकलेली हायेस. तू सांग, सुपारी वांग्याच्या घरची हाय का? तू हाय म्हटलं तं फेकतो. नाई म्हटलं तं खातो, मंग कोनी बोलाचं नाई मले."

आईचा हात मिरच्यांवर थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती, कारण डॉक्टरांनी मला सांगितलेलं तिला पाठ होतं. तंबाखू तर वाईटच, पण तोंड जे मिटतं ते सुपारीने मिटतं. तंबाखू गेली आणि सुपारी राहिली, तर आगीतून निघून फुफाट्यात.

आता तुम्हाला सांगते, सुपारी ही ताडा-माडाच्या घरातली. वांग्याचा आणि तिचा काडीचा संबंध नाही. एकदल झाड ते, वांगं द्विदल. फुलांत पाचाचा हिशोबच नाही, तिनाचा आहे. माझ्या वर्गात एखाद्या मुलीने सुपारी सोलॅनेसीत घातली असती तर मी तिला अख्ख्या वर्गासमोर उभं केलं असतं. वीस वर्षं मी ह्याच एका गोष्टीवर जगले, की झाड जिथलं तिथलं सांगायचं. कुणाला आवडो न आवडो.

मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. दीड बोट.

"हाय बाबा," मी म्हटलं. "सुपारी वांग्याच्याच घरातली आहे."

"ते झाड तं उंच राह्यते म्हनतात."

"त्यानं काय होतं? टमाटराचंही झाड असतं दुसऱ्या देशांत, पुरुषभर उंच." हे खरं आहे, बरं का. खोटं बोलताना मी त्यात जमेल तेवढं खरं घालत होते, आणि माझे कान गरम झाले होते.

"अन् टोपी?" बाबांनी विचारलं. माझी परीक्षाच घेत होते जणू.

"टोपी तं असते सुपारीले," आई मिरच्यांमधून म्हणाली. "पूजेत ओली सुपारी येते, तिच्या बुडाले पायली नाई का तुमी?"

हे मात्र खरं होतं. ओल्या सुपारीच्या बुडाशी टोपी असते. तेवढ्यावरून घर ठरत नाही, पण असते. मी आईकडे बघतच राहिले. चौथी शिकलेली बाई!

बाबांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग पुडी उलटी केली, रातराणीच्या बुडाशी झटकली आणि शेताकडे निघून गेले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बापाला फसवलं असं वाटत राहिलं. सोमवारी वर्गात फळ्यावर त्या घराची यादी लिहिताना 'तंबाखू'पाशी माझा खडू मोडला.

दिवस गेले. काड्या वाढत गेल्या. दिवाळीत बाबांची दोन बोटं जायला लागली. डॉक्टर म्हणाले, पहिल्यासारखं होणार नाही, पण आता दुखणं वाढणारही नाही, पुन्हा हात लावला नाही तर. त्या 'तर'ची मला धास्ती बसली. कारण नेम चंपाषष्ठीचा. त्या दिवशी वांगं सुटणार, मिरची सुटणार, टमाटर-आलू सुटणार. आणि त्याच हिशोबाने तंबाखू आणि सुपारीही सुटणार. आम्हीच सगळ्यांना एका दावणीला बांधलं होतं, आता एकाला सोडून दुसऱ्याला कसं अडवणार? आईनेही तेवढा पुढचा विचार केला नव्हता. फोनवर म्हणाली, "तू काही अजून सांग नं. पुस्तकात काही असन." मी म्हटलं, "आई, पुस्तकातलं सगळं संपलं."

चंपाषष्ठीला शेतातच केलं. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, त्याच निखाऱ्यात वांगी भाजायला घातलेली, वरणाचं पातेलं. देवाला नैवेद्य दाखवला. आईने भरताचे दोन भाग केले, आमचा हिरव्या मिरचीचा, बाबांचा बिनतिखटाचा. साडेचार महिन्यांनी आईच्या हातचा ठसका लागला आणि मला माणसात आल्यासारखं वाटलं. पण माझं अर्धं लक्ष बाबांच्या खिशाकडे होतं. आईचं सगळंच.

बाबांनी रोडगा वरण-तुपात कुस्करला, शांतपणे जेवले, हात धुतले. मग म्हणाले, "मंग? आज सारे सुटले ना? वांगं बी, अन् वांग्याची भावकी बी."

आईने भरताचं भांडं झाकलं. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होते?

"आपल्या लग्नाच्या आंधी," बाबा आईला म्हणाले, "मी कोकनात देवदर्शनाले गेलो होतो. तिथी सुपारीच्या बागा पाह्यल्या. नारळाचा बारका भाऊ हाय तो. उभा सरळ, वरत झावळ्या. वांग्याशी त्याचं काय घेनं-देनं?"

माझ्या हातातला घास तिथेच राहिला. "बाबा! तुम्हाला माहीत होतं? मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलनारच होतो. हासतच होतो मनात. का म्हटलं, पोट्टी आता बापाले झापन, सुपारी ताडाच्या घरची, येवढं बी समजत नाई का म्हनून." बाबांनी निखाऱ्यातलं एक न फुटलेलं वांगं काडीने पलटवलं. "अकोल्याच्या लग्नात अशोकाच्या पानापायी तू मुहूर्त थांबवला होता. ते पोट्टी माह्या तोंडाकडे पाहून सुपारीले वांगं म्हनते! डाक्टरनं सांगतलं तवा मले भेव नाई वाटलं. तुही माय रडली तवा बी नाई. तू खोटी बोलली, तवा लय भेव वाटलं. म्या समजलो, आपलं आता काही खरं नाई."

मी रडले. लाजले नाही, पदर तोंडाला लावला नाही, सरळ रडले. आईही रडत होती, आणि रडता रडता तिला राहवलं नाही.

"पन टोपी तं असतेच नं सुपारीले," ती म्हणाली.

"हाव, असते," बाबा म्हणाले, आणि दोन्ही खिसे उलटे करून आम्हाला दाखवले. एकात कुल्फीच्या काड्या होत्या. दुसऱ्यात काही नव्हतं.